मातीतला जंतू डोळ्यात कसा?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर आहे. छिन्नीवर हातोडा मारताना लोखंडाची कपची उडून उजव्या डोळ्यात घुसली. ऑपरेशन करून काढली. रिपोर्टमध्ये ‘बॅसिलस सीरियस’ आलाय. म्हणे मातीतला जंतू! भाऊ तर शेतात पाऊलही टाकत नाही. दुसऱ्या डोळ्याला लागण होईल का?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, शेतात जायला कशाला हवं? आपल्या सोलापूरची धूळ हत्यारांवरही बसते. हा जंतू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात त्या धुळीत तग धरतो. शिळ्या भाताने उलट्या होतात, तीही बऱ्याचदा याचीच करणी. डोळ्याच्या आत तो एरवी क्वचित सापडतो. पण कपचीबरोबर शिरला, की त्याची विषं २४ तासांतसुद्धा पडदा नासवू शकतात. पेनिसिलिनला तो सहसा दाद देत नाही, म्हणून व्हॅन्कोमायसिनचं इंजेक्शन थेट डोळ्यात द्यावं लागतं. नजर किती परत येईल, हे पडदा तपासणारे तुमचे डॉक्टरच सांगतील.

जंतू दुसऱ्या डोळ्यात उडी मारत नाही. मात्र अशा जखमेनंतर क्वचित, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, शरीराची प्रतिकारशक्तीच चांगल्या डोळ्यावर उलटते. तो धूसर झाला, उजेड खुपू लागला, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि जॉबरमंडळी, कपची घुसलेला डोळा चोळू नका, नळाखाली धरू नका, मध-तूप तर नकोच. वरून कागदी कप चिकटवा आणि डोळ्यांचा दवाखाना गाठा. गॉगल खुंटीला टांगून काम करणारे तुम्हीच ना?