आधी मोज, मग कोड बदल

भाऊ, रावेर-यावलच्या केळीभावाचं ॲप ‘हळू चालतंय’ एवढ्यावरून कोडला हात लावू नको. आधी प्रोफायलर (कोडच्या कुठल्या भागात किती वेळ जातो ते मोजणारं साधन) चालव. वेळ कुठे जातो याचा आपला अंदाज बहुतेकदा चुकतो. नुसत्या सरासरीवर तर जाऊच नको. ॲपने सर्व्हरकडे पाठवलेल्या 100 रिक्वेस्टपैकी 90 ची उत्तरं 100 मिलिसेकंदांत आणि 10 ची 5 सेकंदांत आली, तर सरासरी 590 मिलिसेकंद दिसते. तेवढा वेळ प्रत्यक्षात कुणालाच लागलेला नसतो! 95 वा पर्सेंटाइल बघ, म्हणजे 100 पैकी 95 रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो वेळ.

मग क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) लूपमध्ये पुन्हा पुन्हा फिरतेय का ते तपास: 100 शेतकऱ्यांसाठी 101 क्वेरी (एक यादीची, मग प्रत्येकासाठी एक), हा नेहमीचा चोर. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर क्वेरीला ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ लाव, इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) वापरला जातोय का ते कळेल. डिलीटच्या क्वेरीवर मात्र हे जपून लाव, ती खरंच चालते आणि डेटा पुसला जातो. आणि चाचणी जळगावातल्या ऑफिसच्या वायफायवर नको, शेतात जाऊन स्वस्तातल्या मोबाइलवर घे.