पेट्रोल पंपाच्या जुन्या वस्तू जमवायच्यात, पण नेमक्या कुठल्या काळातल्या?

प्रश्न: नमस्कार. माझं उद्यमनगरात छोटं गॅरेज आहे. मामांचं जुनं गोडाऊन रिकामं करताना बर्मा शेलचा एक रॉकेलचा डबा, एस्सोची वाघाची पत्र्याची पाटी आणि ऑइल ओतायचं एक तांब्याचं माप हाताला लागलं, आणि तिथनं नाद लागला तो लागलाच. आता एक मित्र म्हणतो अमेरिकन माल घे त्यातच किंमत आहे, दुसरा म्हणतो स्वातंत्र्याच्या आधीचंच घे, बाकी सगळं भंगार. बजेट बेताचं, जागा म्हणजे गॅरेजवरची एक खोली. कुठल्या काळावर लक्ष द्यावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: दादा, दोन्ही मित्रांना चहा पाजा आणि वाटेला लावा. तुमच्याकडं जे आपोआप आलंय ना, त्यातच तुमचा काळ बसलेला आहे.

त्या वाघाच्या पाटीचंच घ्या. एस्सो हे नाव आपल्याकडं पंपावर आलं साधारण १९६२ च्या सुमाराला, त्याआधी तीच कंपनी स्टॅनव्हॅक या नावानं धंदा करत होती, आणि १९७४ च्या जुलैत सरकारनं एस्सो ताब्यात घेऊन हिंदुस्थान पेट्रोलियम केली. म्हणजे ती पाटी खरी असेल तर ती या बारा-एक वर्षांतली, पुढं-मागं जायला जागाच नाही. कुणाला विचारायला नको, पुस्तक उघडायला नको, नुसत्या नावावरनं काळ कळला. आपल्याकडं हा माल जमवायचा तर तो असाच मोजायचा, चाळीसचं दशक, पन्नासचं दशक असा नाही तर मालक कधी बदलला त्यावरनं.

अमेरिकेत लोक पंपाच्या ठेवणीवरनं काळ ठरवतात, वर काचेचं नळकांडं असलेले पंप, मग घड्याळासारख्या तबकडीचे, मग तिशीत आले ते गॅलन आणि पैसे दोन्ही दाखवणारे आकड्यांचे पंप. तिथं गावोगाव पंप होते, माल अफाट निघाला, त्यांना ते परवडतं. आपल्याकडं तेवढे पंपच नव्हते, आणि जे होते ते मोडीत जाऊन त्यांचं बीड पुन्हा भट्टीत गेलंय, कोल्हापुरात फाउंड्र्या किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. शिल्लक राहिलं ते पाट्या, डबे, मापं, पावतीपुस्तकं, कॅलेंडरं, चावीच्या रिंगा. यांच्यावर नाव असतं आणि नावं बदलत गेली.

ढोबळ हिशोब असा. बर्मा शेल १९२८ पासून २४ जानेवारी १९७६ पर्यंत. त्या दिवशी सरकारनं घेतली, नाव झालं भारत रिफायनरीज, आणि १ ऑगस्ट १९७७ ला ते बदलून भारत पेट्रोलियम. लाल चांदणीवाली कॅल्टेक्स १९७६ मध्ये सरकारकडं आली आणि १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. इंडियन ऑइल कंपनी म्हणून १९५९ ला सुरू झाली, कॉर्पोरेशन १९६४ पासून, म्हणजे जुन्या कागदावर 'कॉर्पोरेशन' नसून 'कंपनी' छापलेलं असेल तर तेवढ्यावरनंच पाच वर्षांच्या आत येता. आयबीपी ही आणखी एक तेल कंपनी मात्र १९०९ पासून २००७ पर्यंत चालली, तिचं नुसतं नाव बघून काहीच कळत नाही, ती नवशिक्यानं बाजूला ठेवलेली बरी.

तुमच्या डब्याची अडचण तीच आहे. बर्मा शेल म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं, त्यामुळं दुकानदार "बर्मा शेल आहे, ब्रिटिशकालीन आहे" म्हणून कुठलाही डबा गळ्यात मारतो आणि तो निघतो १९७० चा. तिथं बारीक खुणा बघायच्या. आणे लिहिलेत का? मग १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असं लिहिलंय? मग १९५७ ते १९६४, जून १९६४ पासून नुसतं 'पैसे' झालं. गॅलन आहे का लिटर, साठीच्या सुरुवातीला गॅलन गेला आणि लिटर आला. आपला घासलेटचा नेहमीचा चौकोनी डबा बरोबर चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरला थोडा वर, त्यामुळं आकारावर जाऊ नका, छापलेलं वाचा. पत्त्यात पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा, मग विकणारा शपथ घेऊन काहीही सांगू दे. आणि आपल्या भागासाठी एक खास खूण आहे, कागदावर 'कोल्हापूर स्टेट' असेल तर १ मार्च १९४९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राज्य म्हणून 'बॉम्बे' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. या खुणा एकमेकींवर टाकत गेलं की काळ आपोआप आवळत येतो.

आता सरळ सल्ला. तुमच्या बजेटला, जागेला आणि तुमच्या धंद्याला १९५७ ते १९७८ हा काळ घ्या. नये पैसे आले तिथपासून कॅल्टेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळली तिथपर्यंत. एवढ्या वीस-एकवीस वर्षांत स्टॅनव्हॅक, एस्सो, कॅल्टेक्स, बर्मा शेल, इंडियन ऑइल सगळे एकाच रस्त्यावर धंदा करत होते, रंग भडक, जाहिराती जोरात, आणि माल अजून लोकांच्या पोटमाळ्यावर आहे. १९७३ ला तेलाचे भाव भडकले, वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधाला बैलगाडीतनं संसदेत गेले ते याच काळात, त्या सालातली पावती किंवा रेटबोर्ड मिळाला तर त्याला एक गोष्ट चिकटलेली असते. आणि या काळातली माणसं अजून हयात आहेत हे फार मोठं आहे, पंपावर काम केलेले म्हातारे आजोबा तुम्हाला मापाचा दांडा तुटका का आहे ते सांगतील, १९३५ च्या मापाबद्दल कोण सांगणार?

त्यातल्या त्यात माझा जीव कशावर असेल तर 'भारत रिफायनरीज' या नावाच्या कागदावर. हे नाव टिकलं जेमतेम दीड वर्ष, लोकांना आठवतही नाही, त्यामुळं विकणाऱ्याला त्याची किंमत कळत नाही. पावती, लेटरहेड, पाकीट काहीही. पंपवाल्यांच्या जुन्या फायली रद्दीत निघतात तेव्हा गठ्ठा अख्खा घ्या आणि घरी बसून चाळा, हे काम मोठ्या पाट्यांच्या मागं धावणाऱ्यांना जमत नाही कारण त्यांना भिंतीवर लावायला काहीतरी पाहिजे असतं.

स्वातंत्र्याच्या आधीचं का नको? नको असं नाही, समोर आलं तर सोडू नका, पण त्याच्या मागं लागू नका. त्या काळात आपल्याकडं गाड्या होत्याच किती. दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते ती बघायला आजही गर्दी होते, त्यावरनं ओळखा तेव्हा मोटार म्हणजे काय चीज असेल. पंप कमी, म्हणून खरा माल कमी, आणि खरा माल कमी म्हणून नकली जास्त. इनॅमलच्या 'जुन्या' पाट्या आज नव्या बनतात, मुंबईच्या चोरबाजारात बघा, पुण्याच्या जुन्या बाजारात बघा. खऱ्या पाटीचा टवका उडालेला असतो तिथं थर दिसतात, खालचा गंज काळपट आणि घट्ट असतो, बोट फिरवलं तर नारंगी भुकटी निघत नाही. स्क्रूच्या भोकाभोवती झीज असते कारण ती खरोखर भिंतीवर वाऱ्यात हललेली असते, नकलीत टवके बरोबर नजर जाईल अशा जागी आणि भोकं कोरी करकरीत. आणि पाटीवर 'गॅसोलिन' लिहिलं असेल तर ती आपल्याकडच्या पंपावर कधी लागलेली नव्हती, इथं पेट्रोल होतं नाहीतर सरकारी भाषेत मोटर स्पिरिट. संस्थानकाळातलं घ्यायचंच तर कागद घ्या, महायुद्धातली पेट्रोल रेशनची कुपनं, परवाने, बिलं, त्यांची नक्कल करायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही.

अमेरिकन मालाचं दोनच ओळीत सांगतो, तिकडनं इथं यायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो आणि तो विकायला गेलात तर इथं घेणारा नाही.

एक गोष्ट मात्र गॅरेजवाले म्हणून तुम्ही कराल अशी भीती वाटते म्हणून सांगतो, जुन्या डब्याला किंवा ड्रमला झाळ लावायला जाऊ नका, आत पेट्रोलची वाफ राहिलेली असू शकते आणि ती गंमत नसते.

प्रश्न: मला एक पंपावरचं पाच लिटरचं माप मिळालंय, रंग उडालाय, पोचे आलेत. पॉलिश करून, रंगवून ठेवू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: अजिबात नको ओ. ते माप म्हणजे पंपावर पेट्रोल बरोबर मिळतंय का ते बघायचं माप, वजनमापवाले त्यावर शिक्के मारतात, आणि शिक्क्यात बऱ्याचदा साल सापडतं. बफिंग मशीनवर धरलंत की पहिला शिक्का जातो, मग ते नुसतं भांडं उरतं. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं करा. पोचे राहू द्यात.

प्रश्न: एवढं जुनं परवडत नाही, कॉलेजला आहे. आत्ताचं काय जमवता येईल जे पुढं दुर्मिळ होईल?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात भारी. टू-टी ऑइलपासून सुरू कर. चेतक, लूना, राजदूत या गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, त्यासाठी पंपावर एक हातानं दाबायचं यंत्र असायचं आणि छोटे डबे, पाऊच, मापं. चेतक आणि लूना दोन्ही १९७२ च्या, आणि इंडियन ऑइलचं सर्वो ऑइलसुद्धा १९७२ चंच, म्हणजे तुला सुरुवातीचं सालसुद्धा आयतं मिळतंय. आता ते सगळं गेलं, पण अजून कुणी त्याला जुनं म्हणत नाही म्हणून गॅरेजवाला फुकटसुद्धा देईल. 'अनलेडेड' लिहिलेले स्टिकर आणि बोर्ड बघ, मोठ्या शहरात शिशाविरहित पेट्रोल १९९५ ला आलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच झालं, मग वेगळं लिहायची गरजच उरली नाही. आणि १६ जून २०१७ पासून दर रोज बदलायला लागले तसे हातानं आकडे सरकवायचे पत्र्याचे रेटबोर्ड उतरायला लागले, हायवेच्या आतल्या गावांत पंपामागच्या शेडमध्ये ते उभे करून ठेवलेले दिसतात. मॅनेजरला नीट विचारायचं, उचलून आणायचे नाहीत. बोर्ड नाही मिळाला तर नुसते आकडे माग, शून्य ते नऊ पुरा संच जमवायला लई मजा येते, आणि कॉटखाली मावतो.