वुडवर्ड ड्रीम क्रूझमध्ये (अमेरिकेतल्या वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची फेरी) साठच्या दशकातली व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) गाडी तापते, हायवेवर मात्र ठीक असते. असं का?

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या त्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, तेव्हा रेडिएटरमधून हवा ओढतो तो फक्त पंखा. म्हणून आधी श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, आहे का बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत कुणीतरी तो काढून टाकलेला असतो. पंख्याची पाती त्यात अर्धी आत, अर्धी बाहेर हवीत. मग गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. सहज गरगरला तर फॅन क्लच, म्हणजे इंजिनाची गती पंख्याला देणारा जोड, गेला. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) काढू नका, ८२ अंश सेल्सिअसला उघडणारा चालेल.

थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होत नसेल, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळत असेल. इथेनॉलमिश्रित इंधनात हे जास्त होतं. कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर, म्हणजे जाड चकती, बसवा, पण बॉनेटखालची जागा आधी मोजा.