उकळू नका, नुसतं भिजवा

प्रश्न : मैत्रिणीने चीनहून ‘जिन जुन मेई’ नावाचा काळा चहा आणला. पाच मिनिटं उकळला, तर नुसता तुरट लागला. माझं काय चुकलं?

उत्तर : उकळलात, एवढंच चुकलं. हा चहा फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरांमधल्या तोंगमू गावचा. २००५ साली तिथे पहिल्यांदा तयार झाला, तोही फक्त वसंतातल्या कोवळ्या कळ्यांपासून. अर्ध्या किलोला हजारो कळ्या खुडाव्या लागतात. (चिनी लोक याला काळा नव्हे, ‘होंगचा’, म्हणजे लाल चहा म्हणतात, कपातला रंग पाहिलात की पटेल.)

आधी चिमूटभर कळ्या पांढऱ्या बशीत घेऊन नीट बघा. बारीक, काळसर, किंचित वळलेल्या. मधूनमधून सोनेरी लव. मग झाकणाचा कप गरम पाण्याने विसळा, त्यात ३-४ ग्रॅम कोरडा चहा टाका, क्षणभर झाका आणि वास घ्या. मला आधी मधाचा वास येतो, त्यामागून भाजलेल्या रताळ्याचा. मी तर इथेच दोन मिनिटं रेंगाळते.

९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी कडेकडेने सोडा, १० सेकंदांत गाळा. पहिला घोट जिभेवर फिरवा, गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. खरा गोडवा घशातून मागे येतो. त्याच कळ्या पुन्हा वापरा, दर वेळी ५ सेकंद वाढवून. मला तिसरा कप सर्वांत आवडतो. आणि रिकामा कप लगेच धुऊ नका. गार झाला की त्याचाही वास घ्या.