भंगार असताना खनिज कशाला?

प्रश्न : पोलाद कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते, असे वाचनात आले. मग जगभर खाणी खणून आणि कोळसा जाळून नवे पोलाद का बनवावे लागते? भंगारावर भागणार नाही का?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. चुंबकाने पोलाद इतर कचऱ्यातून सहज वेगळे होते आणि विजेच्या भट्टीत ते पुन्हा वितळवता येते. खरी अडचण पुरवठ्याची आहे. पुलांत, इमारतींत आणि रुळांत घातलेले पोलाद कित्येक दशके तेथेच राहते. म्हणजे आज हाती येणारे भंगार हे बऱ्याच अंशी मागच्या पिढीने वापरलेले पोलाद असते, आणि त्या पिढीची गरज आजच्या मानाने फारच लहान होती. १९५० साली जगात सुमारे १९ कोटी टन पोलाद तयार झाले, २००० साली सुमारे ८५ कोटी टन, तर २०२३ साली सुमारे १८९ कोटी टन. या शेवटच्या आकड्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या चीनचा असून, तेथील बहुतेक पोलाद या शतकातच बनलेले असल्याने त्याचा मोठा भाग अजून भंगारात आलेलाच नाही.

कोळशाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तो केवळ उष्णतेसाठी जाळला जातो, असा समज सर्वत्र आढळतो. लोहखनिजात लोह ऑक्सिजनशी घट्ट जोडलेले असते. झोतभट्टीत, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीत, कोकपासून (हवेविना तापवलेल्या दगडी कोळशापासून) तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा ऑक्सिजन ओढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड बनून बाहेर पडतो. त्यामुळे उष्णता विजेने पुरवली, तरी ऑक्सिजन काढून घेणारे दुसरे काहीतरी लागतेच. भट्टीतून निघणाऱ्या लोखंडात सुमारे ४ टक्के कार्बन उरतो व ते ठिसूळ असते. त्यात ऑक्सिजनचा झोत सोडून कार्बन कमी केला, की पोलाद होते. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९५२ साली सुरू झालेली ही पद्धत आज जगात सर्वाधिक वापरात आहे.

भंगारात तांबे मिसळणे हीही मोठी अडचण आहे. जुन्या मोटारगाड्यांतील तारा आणि मोटरी त्यांतच राहिल्या, तर तांबे वितळलेल्या पोलादात उतरते, नेहमीच्या शुद्धीकरणाने ते निघत नाही, आणि तापवून लाटताना पोलादाच्या पृष्ठभागाला तडे जातात. अशा पोलादाच्या सळया करता येतात. गाड्यांचे पातळ पत्रे मात्र करता येत नाहीत. गाडीचा चुरा करण्यापूर्वी तिच्यातील तारा काढून घेण्याची सक्ती सर्वत्र असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोळशाऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन काढून घेतला, तर कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमधील लुलेओ येथील प्रायोगिक प्रकल्पात २०२१ साली असे लोखंड तयार झाले. मात्र हा हायड्रोजन पाण्यापासून मिळवण्यासाठी प्रचंड वीज लागते, आणि ती वीज कोळशाची असेल, तर या खटाटोपाचा मूळ हेतूच उरत नाही.