हात तोच, इंजिन वेगळं

पोरी,

काल फोनवर रडकुंडीला आली होतीस. स्प्लेंडर लोण्यासारखी चालवतेस, पण दादाची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० हातात आली की उसळते आणि मैत्रिणीची केटीएम ड्यूक ३९० सिग्नलला पटकन बंद पडते. ‘काका, मला जमणारच नाही का?’ अगं, तुझा हात अजून स्प्लेंडरवरच बसलाय, एवढीच भानगड आहे.

या दोन गाड्यांचे सीसी जवळपास सारखेच, ३४९ आणि ३७३. पण आत डोकावून बघ. क्लासिकचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) ८५.८, म्हणजे अरुंद सिलिंडर आणि पिस्टनची लांब फेरी. जुन्या ३७३ सीसीच्या ड्यूकचं बरोबर उलटं, बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०. लांब स्ट्रोकचं, जड फ्लायव्हीलचं (इंजिनची फिरती लय टिकवणाऱ्या चाकाचं) इंजिन कमी फेऱ्यांनाच जोर देतं. क्लासिकचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४००० आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनच्या ४००० फेऱ्या) मिळतो. ड्यूकची खरी ताकद मात्र ९००० च्या आसपास. खाली ती गुदमरते, वर गेली की सुटते. तुझी स्प्लेंडर ५० बाय ४९.५, बोअर-स्ट्रोक जवळजवळ सारखेच, म्हणजे चौकोनी. म्हणून ती दोन्ही बाजूंनी सांभाळून घेते आणि आपल्याला वाटतं, आपण फार छान चालवतो!

तेव्हा क्लासिकवर रेस द्यायची घाई करू नकोस. क्लच हळू सोडत जा. गाडी पकडायला लागली की आवाज किंचित जड होतो, तेव्हा जरासं अ‍ॅक्सिलरेटर दे. सपाट रस्त्यावर ती नुसत्या क्लचवरही हलते. ड्यूकवर आधी रेस, आरपीएम अडीच-तीन हजारांवर, मग क्लच. चाळीसच्या वेगात वरच्या गिअरमध्ये ती हिसके देते, चेन खडखडते. ते ऐकू आलं की निमूट एक गिअर खाली ये.

आता गिअरचं, कारण यात माणसं पडतात. स्प्लेंडरवर पंजाने पुढे दाबलं की वरचा गिअर पडतो. क्लासिकवर पुढे दाबलं की खालचा. वर जायला टाचेने मागची पट्टी दाबायची. सवयीने तू तिसऱ्यातून पुढे दाबलंस की दुसरा पडणार आणि मागचं चाक घासत जाणार. मी हे भोगलंय. डावीकडच्या गिअरवर शिकलो आणि एकदा मामाची जुनी बुलेट घेतली. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे खाली. फाट्यावर कडब्याची गाडी आडवी आली, मी उजवा पाय दणकन दाबला, तर ब्रेक न लागता वरचा गिअर पडला. कडब्यात घुसलो. लागलं काही नाही, पण मानेत शिरलेला कडबा रात्रीपर्यंत टोचत होता. तेव्हापासून परकी गाडी घेतली की चालू करण्याआधी जागेवरच दोन-तीनदा गिअर, ब्रेक, क्लच चाचपतो. लोक हसतात, हसू देत.

बाबांची यामाहा आरएक्स १००, जुनी टू-स्ट्रोक, शेडमध्ये आहे, ती तुला खुणावणार हे मला माहीत आहे. तुमच्या फोर-स्ट्रोक गाड्यांमध्ये क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. म्हणून अंगाने एवढीशी असून ती अशी पळते. पण खाली मवाळ असते आणि मधेच एकदम उचल खाते, पुढचं चाक हलकं होतं. तेव्हा वळणात रेस पिळू नकोस. शिवाय उतारावर तिला इंजिनचा ब्रेक जवळजवळ नसतोच, दोन्ही ब्रेकवरच भिस्त.

पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या जुन्या टू-स्ट्रोकवर आणखी एक गंमत. वरंधा घाट उतरताना मी रेस पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली होती. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, हे डोक्यातच आलं नाही. पिस्टन जाम झाला, मागचं चाक लॉक. क्लचवर बोटं होती म्हणून वाचलो. अशा गाडीला लांब उतारावर अधूनमधून थोडी रेस द्यावी लागते.

दोन आठवडे एकच गाडी चालव, क्लासिक. रोज बदललीस तर पाय गोंधळतो. आणि १९५ किलोची गाडी कलली तर पायाने तोलायला जाऊ नकोस, सोडून बाजूला हो. क्रॅशगार्डचे पैसे मी दादाला देईन.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये. चप्पल घालून आलीस तर परत पाठवीन.

तुझा,
काका