ट्रेलर घेताय? वजनकाट्यावर चला

ऑस्ट्रेलियात मे महिन्यात उत्तरेकडचे कच्चे रस्ते सुकू लागतात आणि माझ्याकडे कॅम्पर ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या आणि मुक्कामाला उघडून तंबू करायच्या ट्रेलरचे, प्रश्न यायला लागतात. यंदा बहुतेक प्रश्न पहिल्यांदाच ट्रेलर घेणाऱ्या मराठी कुटुंबांचे आहेत.

प्रश्न : आमची टोयोटा प्रॅडो गाडी तीन टन ओढते. वापरलेला एक ट्रेलर आवडलाय, वजन १,७५० किलो. विकणारा म्हणतो, डोळे झाकून घ्या. घेऊ का? (मेलबर्न)

डोळे उघडून आधी ट्रेलरवरची प्लेट वाचा. १,७५० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. शेजारी ‘एटीएम’ लिहिलेलं असेल, म्हणजे भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा. (या एटीएममधून पैसे निघत नाहीत, मर्यादा ओलांडली तर जातात मात्र.) समजा ते २,४०० आहे, तर तुमच्या हातात उरले ६५० किलो. त्यात दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. नऊ किलोचे दोन भरलेले गॅस सिलिंडर टाकीच्या वजनासकट पस्तीसेक किलो. मग फ्रिज, बॅटऱ्या, सावलीचं कापडी छत, खुर्च्या, अंथरुणं, आणि आपली सवय म्हणून दहा दिवसांचा शिधा. ६५० कधी संपले ते कळतही नाही.

दुसरा हिशोब गाडीचा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. इथे ते २४० किलो झाले. माणसं, सामान आणि बुलबार (पुढची लोखंडी चौकट) धरून गाडीला जेवढं पेलायची परवानगी आहे, त्यातूनच ते वजा होतात. तीन टनांचा आकडा ऐकून खूश झालेले लोक नेमके इथे अडकतात.

हुकावरचं वजन कमी ठेवून सुटका होत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं. ट्रेलर उलाळ झाला तर शंभरच्या वेगात शेपूट हलवायला लागतो. तसं झालं तर गाडीचा ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा. या वजनाच्या ट्रेलरला सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर निसटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कायद्यानेच लागते. ती चालते का, हे विकणाऱ्याला समोर दाखवायला सांगा. घेतल्यावर एकदा सहलीसारखं सगळं भरून, मुलाबाळांसकट सार्वजनिक वजनकाट्यावर जा.

प्रश्न : दोन लहान मुलं, वर्षातून पाच-सहा वीकएंड. जमिनीवर पसरणारा तंबूवाला स्वस्त ट्रेलर की पत्र्याच्या फरशीचा? (सिडनी)

फरशीचा. रात्री नऊला पावसात पोचल्यावर चिखलात तंबू पसरून मेखा ठोकणं एकदा करून बघा, दुसऱ्यांदा करणार नाही. खरं तर विकत घेण्याआधी तसाच ट्रेलर एका वीकएंडला भाड्याने घ्या.

कॅनव्हास नवा असेल आणि पहिल्या पावसात शिवणीतून ठिबकला, तर फसलो असं समजू नका. नवा माठ आपण भिजवून घेतो तसंच हे. अंगणात उघडून पाइपाने चिंब भिजवा, पूर्ण वाळू द्या, असं दोन-तीनदा करा. धागे फुगतात आणि सुईची भोकं बुजतात. ओला मिटून आणलात तर घरी आल्याबरोबर उघडून वाळवा. एकदा बुरशीचे काळे ठिपके पडले की ते कॅनव्हासबरोबरच म्हातारे होतात.

प्रश्न : गिब रिव्हर रोड करायचाय. सस्पेन्शन कुठलं हवं? (पर्थ)

वायव्य ऑस्ट्रेलियातला सुमारे ६६० किलोमीटरचा हा रस्ता जागोजागी पन्हाळी पत्र्यासारखा आहे. स्वतंत्र कॉइल सस्पेन्शन आरामशीर खरं, पण दणकट पाटे (लीफ स्प्रिंग) आणि चांगले शॉक अ‍ॅब्झॉर्बर असतील तर मी नाक मुरडणार नाही. पाटा तुटला तर आडरानातही कोणीतरी जोडून देतो.

माझा जीव अडकतो तो चाकांच्या बेअरिंगमध्ये. साउथ ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर विल्यम क्रीक गावाच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. सवयीने चाकांच्या मध्यावर हाताची मागची बाजू नेली. उजवं कोमट, डावं असं तापलेलं की हात झटकन मागे आला, आणि जळक्या ग्रीसचा वास. नवाकोरा ट्रेलर, पण कारखान्यात ग्रीस भरताना कोणाची तरी घाई झाली असणार. सोबत बेअरिंग, सील आणि ग्रीस होतं म्हणून दोन तासांत निघालो. तुम्हीही पूर्ण संच बाळगा आणि एकदा घरी बदलून बघा. तिथे रस्त्यावर पुस्तिका उघडू नका.

टायरमधली हवा गाडीची आणि ट्रेलरची, दोन्हींची कमी करा आणि वेगही उतरवा. हवा कमी ठेवून वेग तोच ठेवला तर टायर तापून फुटतो. ट्रेलरची चाकं गाडीला बसतील अशी असली तर जादा चाक दोघांनाही चालतं. नेहमीचा गोळ्याचा हुक खोल उतारचढावात अडकतो, म्हणून सगळ्या बाजूंनी फिरणारा जोड घ्या. उत्तरेत मगरी आहेत, तेव्हा नदीकाठापासून किमान ५० मीटर लांब मुक्काम करा.

प्रश्न : फ्रिजसाठी बॅटरी किती? (ब्रिस्बेन)

पन्नासेक लिटरचा फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ५० अ‍ॅम्पिअर-तास खातो. १०० अ‍ॅम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि २०० वॉटचं सोलर पॅनल उन्हाळी भागात पुरतं. गोठणबिंदूच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, डोंगरात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : बाहेर गार वारा असतो. तंबूतच स्टोव्ह ठेवून कुकर लावला तर? (अ‍ॅडलेड)

नाही. ‘थोडी चेन उघडी ठेवतो’ हेही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोप लागल्यावर कळायला कोणी उरत नाही. गॅस हिटरही आत नको. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका आहे ना ते पाहा, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. वाऱ्यासाठी स्टोव्हला आडोसा करा आणि स्वेटर घालून बाहेरच शिट्ट्या मोजा.

नलारबोरच्या ओसाड पठारावरून पश्चिमेला जाणार असाल तर टोमॅटो, लिंबं आणि मध वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर काढून घेतात. आमच्याकडे म्हणून सीमेआधीच्या शेवटच्या मुक्कामाला उरल्यासुरल्या भाज्यांची पावभाजी ठरलेली असते.